आमेन म्हणायची ड्यूटी

मी तोंड उघडलं की घोटाळा होतो, असं घरचे म्हणतात. मी मनावर घेत नाही. पण त्या दिवशी घेतलं असतं तर बरं झालं असतं. बसा, चहा येईपर्यंत सांगतो.

नांदुऱ्याकडच्या एका मिशनच्या शाळेत मी मराठी शिकवतो. रोज परिपाठाला चर्चचे पाळकसाहेब प्रार्थना करतात. ती संपली की पोरांनी जोरात 'आमेन' म्हणावं म्हणून आधी मी म्हणायचं, ही माझी ड्यूटी. सवय इतकी मुरली, की एकदा घरी गणपतीची आरती संपली आणि मी खणखणीत आमेन म्हणालो. बायकोनं प्रसाद दिला नाही.

तर झालं काय, भागातल्या सगळ्या शाळांच्या समित्या मोडून एकच मोठी समिती करायचं वर घाटत होतं. चर्चचं म्हणणं साधं होतं. एकच समिती करा, आमची ना नाही. पण मुख्याध्यापक आम्ही नेमणार आणि सकाळची प्रार्थना राहणार. तेवढं गेलं, तर मिशनची शाळा फक्त पाटीवर उरणार. हे ऐकून घेऊन वर कळवायला शिक्षण खात्याचे एक साहेब आले. हॉल चर्चच्या मंडळींनी भरलेला, त्यातले निम्मे माझेच जुने विद्यार्थी.

पाळकसाहेबांनी मला बजावलं होतं, "सर, तुमी निस्ते समोर बसा. बोलू नका."

आता जेवण झालेलं, वर पंखा, आणि साहेबांचा आवाज थेट रविवारच्या उपासनेतला. कोणाचा डोळा लागणार नाही?

"...आणि सर्व शाळांचे सर्व अधिकार या समितीकडे राहतील," एवढं वाचून साहेब थांबले.

आवाज थांबला, की माझी ड्यूटी. "आमेन!"

मागून अख्खा हॉल म्हणाला, "आमेन!"

साहेबांनी चष्मा वर केला. "याचा अर्थ काय होते?"

पाळकसाहेबांना खोटं बोलता येत नाही. ते पडलेल्या आवाजात म्हणाले, "तसंच होवो, असा होते साहेब."

"मंग त झालंच ना. सगळ्यायची मंजुरी हाय." साहेबांनी पेन उघडलं.

बालवाडीच्या मार्थाबाई माझ्या कानाशी आल्या. "काय करून ठेवलं हो सर? बसल्या बसल्या शाळा देऊन टाकली तुमी."

खरं सांगतो, रडू यायचंच बाकी होतं. या शाळेवर माझा जीव आहे हो.

तेवढ्यात पाळकसाहेब उठले. "साहेब, आमेन प्रार्थनेच्या शेवटी असते. प्रार्थना त राहूनच गेली. ती करून घेतो, मंग लिहा."

प्रार्थनेला नाही कोण म्हणेल? साहेबही हात जोडून उभे राहिले.

"हे प्रभू, ही समिती होऊ दे. पण आमचा मुख्याध्यापक आम्हालाच नेमू दे, लेकरांची प्रार्थना राहू दे, आणि साहेबांना हे असंच वर कळवायची बुद्धी दे."

सगळे माझ्यासाठी थांबले. मी ओठ घट्ट मिटले. आता जीव गेला तरी बोलणार नव्हतो.

शांतता फार लांबली. शेवटी साहेबांनाच अवघडल्यासारखं झालं आणि ते हळूच म्हणाले, "आमेन."

मग हॉल दणाणला. साहेब स्वतःशीच हसले. "आता म्हणून बसलो त लिहाच लागते," म्हणाले आणि चर्चचं सगळं म्हणणं त्यांनी नीट लिहून घेतलं. मग पेन माझ्याकडे वळवलं. "हे समोरचे सर काऊन चूप होते? यायचा इरोध हाय का?"

मी पाळकसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी बोलू नका म्हणून खूण केली. मी बोललो नाही.

त्यामुळे वर गेलेल्या अहवालात आज असं आहे: शाळेचे हक्क राखावेत यावर सर्वांचं एकमत, मराठीचे सर वगळून.