उजेडाचा चिमटा

घरात तिला सगळे 'वेंधळी' म्हणायचे, आणि ते काही उगाच नव्हतं. कपबशी तिच्या हातात गेली की सासूबाई जीव मुठीत धरून बसायच्या. अशी ही बाई नोकरीला लागली ती प्रयोगशाळेत, जिथे जिकडेतिकडे काचच काच. सासरे म्हणाले, तिथल्या लोकांचं आता काही खरं नाही.

पण तिच्या वाट्याला आलेलं काम वेगळंच होतं. सूक्ष्मदर्शकाखाली पाण्याचा एक थेंब, आणि त्यात केसाच्या जाडीहूनही कितीतरी लहान मणी. त्यांना हात लावायचाच नाही. लेझरचा बारीक किरण मण्यावर धरला की मणी त्या उजेडात अडकायचा, आणि किरण सरकवला की मुकाट्याने मागे यायचा. पडद्याकडे बघत, माउस हलवत तिने पहिला मणी पकडला तेव्हा ती खुर्चीतच उडाली. या कामाला लागत होता तो धीर, आणि तो तिच्याकडे पोत्याने होता.

तिथल्या मॅडमना मण्यांचं सहा पाकळ्यांचं फूल हवं होतं, उजेड काढून घेतल्यावरही टिकणारं. मणी मात्र भारी चंचल. चार जागेवर बसवावेत तर पाचवा थरथरत पसार. किरण जोरात सोडला तर पाणी तापून सगळाच विचका. ती स्वतःशीच हसायची आणि पुन्हा पहिल्यापासून मांडायला घ्यायची.

फूल पुरं झालं ते नेमकं घरच्यांना प्रयोगशाळा दाखवायच्या दिवशी. सासूबाई तिच्या खुर्चीमागेच उभ्या होत्या. मॅडमनी जांभळा प्रकाश सोडून, त्या प्रकाशाने गोठणारं द्रव्य मिसळलेलं मण्यांभोवतीचं पाणी खरवसासारखं घट्ट केलं आणि तिला लेझर बंद करायला सांगितलं. तिचं बोट काही खाली जाईना.

"कर गं," सासूबाई हळूच म्हणाल्या. "विस्कटलं तर परत मांडशील."

तिने बटण दाबलं. फूल होतं तिथेच राहिलं. मॅडमनी तिला मिठीच मारली. सासूबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा बघितलं.

"मला एक पकडू दे," त्या म्हणाल्या.

तिने नवा थेंब ठेवला आणि खुर्ची दिली. मणी निसटला की सासूबाई त्याला दटावायच्या, आणि ती शेजारी उभी राहून पोट धरून हसायची. शेवटी सासरे पिशवी घेऊन दारात आले, घरी कधी निघायचं म्हणून विचारू लागले.

सासूबाईंनी मान वळवली नाही. "थांबा हो जरा. हा येतोय."