पुसू नका, असं त्यांनी लिहिलं होतं

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. त्यांच्या घरी तांदळाच्या कोठीच्या वर खिळ्याला एक पिशवी टांगलेली असायची. तिच्यात पितळेचा एक गोल डबा आणि त्याला जोडलेल्या रबराच्या दोन जाड नळ्या होत्या. लहानपणी आम्ही त्याला दोन सोंडांचा हत्ती म्हणायचो. ते पाण्याखाली श्वास घ्यायचं यंत्र आहे हे मला ठाऊक होतं, पण घरात विळा, कुऱ्हाड असते तसंच तेही, यापलीकडे कधी विचार केला नाही.

आमच्या मुर्री गावातल्या शेतकऱ्याचा मुलगा समुद्रात पोचला तो तलावामुळे. आमच्याकडे तलावाच्या पाळीतून, म्हणजे बांधातून, शेतात पाणी सोडायची जी वाट असते तिला तुडूम म्हणतात. तिच्यात गाळ नि फांद्या अडकल्या की कुणीतरी बुडी मारून ती मोकळी करावी लागते. मोठे बाबा हे काम पोरवयापासून करायचे. ते बघून एक ठेकेदार त्यांना विशाखापट्टणमच्या बंदरात बुडी मारायच्या कामाला घेऊन गेला. काही वर्षांनी ठेकेदाराकडे नवं सामान आलं, जुनं फेकायला निघालं, त्यातलं हे एक यंत्र मोठे बाबा उचलून घरी घेऊन आले. हवेची टाकी जड म्हणून तिथेच राहिली. टाकीशिवाय यंत्राचा काही उपयोग नव्हता. गावी परतल्यावर ते पुन्हा छातीत दम भरूनच तुडुमात उतरू लागले, आणि त्यात त्यांचे कान गेले.

अगदी पूर्ण गेले नाहीत. ओरडून बोललं तर कळतं. फोनवरचं मात्र कळत नाही. त्यांची मुलगी सालेकशाला दिली आहे. ती रोज संध्याकाळी फोन करते. मोठे बाबा फोन कानाला लावतात, दोनदा "हव, हव" म्हणतात आणि मोठ्या मायच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, हातात देतात. गोंदियाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की दोन्ही कानांना चांगली मशीन लावली तर फोनवरचं बोलणं समजेल. शिबिरात फुकट मिळालेली मशीन नुसती शिट्टी मारायची. चांगली मशीन घेणं आमच्यापैकी कुणालाच जमण्यासारखं नव्हतं.

मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे अर्ज भरणं, मोबाइलवर काही शोधणं अशी कामं माझ्याकडे यायची. एकदा सहज त्या यंत्राचा फोटो काढून शोधलं तर तसलेच फोटो समोर आले. अशी जुनी यंत्रं भरपूर पैसे देऊन जमवणारे लोक जगात आहेत, हे मला तेव्हा कळलं. पुढचे कितीतरी दिवस मी कॉलेजच्या वाचनालयात बसून तेच वाचलं. एका नळीची यंत्रं नंतरची, दोन नळ्यांची त्याआधीची. डब्याच्या कडेला ठोकलेला आकडा लहान असेल तर यंत्र सुरुवातीच्या काळातलं. आमचा आकडा चारच अंकी होता. ते विकून मोठ्या बाबांच्या कानांची मशीन घेता येईल, या विचाराने मला खूप आनंद झाला. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या वाचण्याचा घरच्या कुणाला उपयोग होणार होता.

पुण्याच्या एका संग्राहकांशी मोबाइलवरच ओळख झाली. ते मला "तुम्ही" म्हणायचे. त्यांच्याएवढ्या वयाचं कुणी मला तसं म्हणत नसे. फोटो बघून त्यांनी लिहिलं, "मी स्वतः येतो. तोवर आहे तसंच ठेवा. पुसूही नका. डब्यावरच्या काळ्या थराखाली काय आहे ते मीच बघेन."

मी ते तीनदा वाचलं होतं. समजलं नाही, असं म्हणायची सोय मला नाही.

पण ते येणार हे नक्की झालं आणि मला आमच्या घराची लाज वाटू लागली. डब्यावर कोठीची धूळ, पालीची घाण, धुराचा चिकटा. हे असं त्यांच्या हातात द्यायचं? मी मोठ्या मायकडे चिंच मागितली.

"काऊन वो," ती म्हणाली, "तो मानूस पुसू नोको म्हने ना?"

"थोडंसं पुसलं तं काय होते?"

"पाह्य बा, तू शिकलेली."

चिंच नि राख घेऊन मी डबा घासला. नारळाच्या काथ्यावर निळा रंग उतरला. मला वाटलं मळच निघतो आहे. नळ्या सुकून भेगाळल्या होत्या. माझे बाबा बैलाच्या चामडी पट्ट्याला जवसाचं तेल लावतात, तसं मी नळ्यांना लावलं, दोन्ही बाजूंनी. डबा चकचकीत झाला. मोठे बाबा तो हातात फिरवून म्हणाले, "आता दिसते नवरीवानी."

दहा दिवसांनी ते गृहस्थ आले. बाजेवर बसले, पिशवीतून भिंग काढलं. पहिल्यांदा त्यांनी नळी धरली आणि बोटं चिकटली. नळ्या फुगून मऊ पडल्या होत्या. त्यांनी बोटं रुमालाला पुसली. मग त्यांनी डबा उन्हाकडे धरला. बराच वेळ बघत राहिले.

"हे कुणी घासलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"घरच्यांनी," मी म्हणाले. एवढ्यावरही थांबले नाही. "मोठ्या आईनं. तिला माहीत नव्हतं."

मोठी माय चहाची ताटली घेऊन दारातच उभी होती. तिने ताटली त्यांच्यापुढे ठेवली आणि आत गेली.

"त्यांना काही बोलू नका," ते म्हणाले. "पितळ दिसलं की आपल्याकडे हात चिंचेकडे जातोच." मग त्यांनी मला डब्याच्या कडेजवळ, स्क्रूच्या आड उरलेला निळा ठिपका दाखवला. तिथे बनवणाऱ्यांचं रंगीत चिन्ह होतं. इतक्या जुन्या यंत्रांवर ते सहसा उरत नाही, आणि ते असतं तर यंत्र त्यांनी आम्ही सांगू त्या किमतीला नेलं असतं. आता आतले सुटे भाग तेवढे दुसऱ्या यंत्राला लावता येतील.

"काय म्हन्ते तो?" मोठ्या बाबांनी विचारलं.

मला ओरडावं लागलं. "आतले पुर्जे घेतो म्हन्ते! पुरं नाई!"

"काऊन?"

"जुनं झालं म्हन्ते!"

मोठे बाबा हसले. "मंग नवं पाह्यले आला होता का पुन्याहून? जुनं तं मीबी हाओ." मग त्या गृहस्थांकडे वळून म्हणाले, "नेशीन तं पुरं ने. हात येगळा, पाय येगळा, असं नाई देत मी."

त्यांनी चहा संपवला, मोठ्या बाबांना वाकून नमस्कार केला आणि गेले. आठवड्याभराने त्यांचा संदेश आला: तेल कोरड्या कापडाने टिपून घ्या, यंत्र उन्हात ठेवू नका, जे उरलं आहे ते जपा. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

मोठ्या मायपाशी मी महिन्याभराने गेले. ती सुपात तांदूळ पाखडत होती. मी म्हणाले, "मोठीमाय, त्या दिवशी मी तुझं नाव घेतलं."

"मी का बहिरी हाओ? बहिरा तो हाये." सूप थांबलं नाही.

"मोठ्या बाबाले सांगू का मी?"

"नोको. त्याले वाट्टे का तो पुन्यावालाच ठग होता. सस्त्यात पाडाले पाहे. तसंच वाटू दे. आपल्याच पोरीनं केलं समजलं तं त्याले जास्त लागन."

सालेकशाहून अजून रोज फोन येतो. मोठे बाबा दोनदा "हव" म्हणून तो पुढे देतात. आणि तलावाच्या पाळीवर चार माणसं बसली की पुण्याच्या ठगाची गोष्ट रंगवून सांगतात, कसा भिंग लावून बसला, कसे पुर्जे फुकटात काढायला बघत होता. मी कॉलेजातून येताना तिथून जाते. ते हाक मारतात, "का वो, खरं का नाई? तू होतीस ना!" सगळे माझ्याकडे बघतात.

त्यांना खरं सांगायचं तर मला ते त्या सगळ्यांसमोर ओरडून सांगावं लागेल. मी मान हलवते आणि पुढे जाते.