सांडशीची कॅसेट

"रविवारी जेवायलाच ये. आमची पोरगी मैना तुझी कॅसेट ऐकून आम्हाला मराठीत सांगणार हाय," असं मल्हारी कारखान्याच्या फाटकाशी म्हणाला आणि रंगनाथच्या तोंडचं पाणी पळालं. आठ वर्षं जो दिवस तो मनातल्या मनात टाळत आला होता, तो असा हसत हसत जेवणाचं आमंत्रण घेऊन समोर उभा राहिला.

रंगनाथ माणूस वाईट नव्हता. पण चांगल्या माणसाच्या हातून एकदाच काही घडतं आणि मग तेच त्याला जन्मभर खात बसतं, त्यातली त्याची गत होती.

अठ्ठ्याहत्तर साली दोघं सातपूरच्या एका कारखान्यात एकाच टाकीवर होते. मशिनवरून आलेले लोखंडी जॉब, म्हणजे सुटे भाग, रॉकेलच्या टाकीत बुडवून हातानं धुवायचे. कातडी सोलवटायची, नखं काळी पडायची, घरी भाकरीलासुद्धा रॉकेलचा वास यायचा. मल्हारी निफाडकडच्या खेड्यातला, चौथी शिकलेला. एका सकाळी त्याची बायको चांगुणा सांडशीनं चहाचं पातेलं उतरवत होती, ते पाहता पाहता त्याच्या डोक्यात काहीतरी आलं. भंगारातली जाड तार वाकवून त्यानं टाकीसाठी एक सांडशी केली. उचललं की जॉबच्या वजनानंच ती आवळायची, खाली टेकवला की आपोआप सुटायची. पंधरा दिवसांत टाकीवरच्या सगळ्यांचे हात वाचले.

रंगनाथला वेड होतं इंग्रजीचं. संध्याकाळी तो सायकल हाणत पंचवटीत सावळीराम मास्तरांच्या वर्गाला जायचा. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, टेपरेकॉर्डर बाळगून असलेले. ते सेफ्टी पिनेच्या शोधाची गोष्ट इंग्रजीतून दोनदा ऐकवायचे आणि मग एकेकाला उभं करायचे. "ऐकलंत ना? आता बोला. आणि ती पिन तुम्हीच केलीत असं समजून बोला, म्हणजे जीभ सुटते!" रंगनाथची जीभ काही सुटेना. तेव्हा मास्तर म्हणाले, "ती पिन राहू द्या. तुमच्या रोजच्या कामातली एखादी वस्तू घ्या."

रंगनाथनं मल्हारीची सांडशी घेतली. मल्हारीला काय आनंद झाला! आपली गोष्ट इंग्रजीत! चहाच्या सुट्टीत तो समोर बसायचा, रंगनाथ पाठ म्हणायचा आणि हा एक शब्द कळत नसताना मान डोलवायचा. मास्तरांनी ती गोष्ट टेप केली त्या दिवशी तर तो स्वच्छ सदरा घालून, सांडशी घेऊन वर्गात हजर होता. गोष्ट अर्थातच मास्तरांच्या पद्धतीनं होती. 'माय नेम इज रंगनाथ. आय मेड धिस.' वर्गात त्यात काही पाप नव्हतं. रंगनाथचं नाव मल्हारीच्या कानावर पडायचं, पण सांगणारा आधी आपलं नाव सांगतो, असंच तो समजायचा.

पाप घडलं महिन्याभरानं. परदेशातले एक साहेब कारखाना पाहायला आले आणि टाकीपाशी थांबले. सांडशी हातात घेऊन त्यांनी विचारलं, ही कोणी केली? मल्हारीला प्रश्न बरोबर समजला. त्यानं रंगनाथला कोपरानं ढोसलं, "सांग की लेका, माझी गोष्ट सांग!"

आणि रंगनाथनं सांगितली, पाठ होती तशीच्या तशी. एकदाही न अडखळता. साहेबांनी त्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ हलवला. तेवढ्या वेळात 'साहेब, ही याची' एवढे शब्द नक्की बसले असते. रंगनाथ मूग गिळून उभा राहिला. शेजारी मल्हारी टाळ्या वाजवत होता.

पुढल्या महिन्यात रंगनाथ सुपरवायझर झाला, टाकी सुटली. मल्हारी टाकीवरच राहिला. दोस्ताला इंग्रजीमुळे बढती मिळाली म्हणून त्यानंच पेढे वाटले. आणि एक मागणं मागितलं, "ती कॅसेट मला दे. माझी आठवण म्हणून राहील." नाही कसं म्हणणार? मल्हारीकडे टेप नव्हता, एवढ्या भरवशावर रंगनाथनं ती देऊन टाकली. त्यानंतर टाकीवर वाकलेला मल्हारी दिसला की हा वाट बदलायचा. दिवाळीला मैनासाठी फ्रॉक न्यायचा, वह्या न्यायचा. त्यानं काही भागत नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

आता मल्हारीनं रेडिओ-टेपचा टू-इन-वन घेतला होता आणि मैना दहावीला होती, तिला इंग्रजी समजत होतं.

रंगनाथनं शनिवारी घरी दार लावून दुसरी कॅसेट भरली. तीच गोष्ट, पण मल्हारीच्या नावानं. संधी साधून बदलायची, असं ठरवून ती खिशात टाकली आणि रविवारी तो गेला. संधी कसली मिळते! जुनी कॅसेट हळदीकुंकू लावून टेपमध्ये आधीच बसवलेली होती.

जेवणं झाली. चांगुणा पदराला हात पुसत येऊन बसली. मैनानं बटण दाबलं आणि रंगनाथचा तरुण, उत्साही आवाज खोलीत घुमला. एकेका वाक्याला थांबवत मैना सांगू लागली.

"रंगनाथकाका आपलं नाव सांगतात. मग म्हणतात, सांडशी मल्हारीनं केली."

रंगनाथनं चमकून वर पाहिलं. मैना त्याच्याकडे बघत नव्हती.

"बायकोला चहा करताना पाहून याला ती सुचली. टाकीत लोकांचे हात जळतात, हे याला बघवत नव्हतं."

"बघ," मल्हारी चांगुणाला म्हणाला, "तुला बी घातलंय यानं." चांगुणा लाजली.

मैना न चुकता, न अडखळता खोटं सांगत होती. तिनं कॅसेट आधी कधीतरी एकटीनं ऐकली असणार. बापाच्या आनंदाला धक्का लागू नये म्हणून त्या पोरीनं खोट्याची तयारी केली होती. एक खोटं रंगनाथचं होतं, आता ते तिनं डोक्यावर घेतलं होतं. खिशातली कॅसेट मांडीला टोचत होती.

त्यानं हात पुढे करून टेप बंद केला.

"मल्हारी, पोर खोटं सांगतीये. त्यात तुझं नाव कुठंच नाही. सांडशी मी केली, असंच आहे. साहेबालाही मी तेच सांगितलं होतं. बढती त्यामुळंच मिळाली."

मैनाच्या डोळ्यांत पाणी आलं. चांगुणा उठून चुलीकडे गेली. मल्हारीनं आपल्या नखांकडे पाहिलं. मग म्हणाला, "मी तवा टाळ्या वाजवल्या रे."

रंगनाथनं हात जोडले.

"मैना, पहिल्यापासून लाव," मल्हारी म्हणाला. "आता जसं हाय तसं सांग."

रंगनाथ उठायला गेला. "बस," मल्हारी म्हणाला. तो बसला.

मैनानं कॅसेट मागे घेतली आणि खरं खरं सांगितलं, एकेक वाक्य. माझं नाव रंगनाथ. ही मी केली. मला सुचली. माझ्या मित्रांचे हात मी वाचवले. इंग्रजीत जे किती वेळा घडाघडा म्हटलं होतं, ते रंगनाथ मराठीत पहिल्यांदा ऐकत होता, मान खाली घालून.

गोष्ट संपली. पण टेप थांबला नव्हता. जरा खरखर झाली, मास्तर हसले, आणि मग जोरजोरात टाळ्या वाजवत एक आवाज ओरडला, "लय भारी, रंगनाथ! लय भारी सांगितलीस माझी गोष्ट!"

तेवढं मात्र मैनाला सांगावं लागलं नाही.