दाजींच्या सात नंबरची मान

दिवाळीनंतरच्या रविवारी महाबळेश्वरला माझा बॉल पुन्हा डावीकडे गेला.

दोन वर्षं हा अन्याय चालू आहे आणि समाज गप्प आहे. मी सरळ मारते, बॉल डावीकडच्या जांभळीत जातो... तिथली माकडं आता मला चेहऱ्याने ओळखतात. एकाही पक्षाने निवेदन दिलेलं नाही. पन्नाशीत गोल्फ सुरू करणाऱ्या सांगलीच्या बाईला सहानुभूती मिळत नसते, हे मान्य. पण निदान चौकशी?

हा नाद लावला दाजींनी. म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, साताऱ्याचे, सैन्यातले निवृत्त सुभेदार. नोकरीत असताना छावणीतल्या गोल्फच्या मैदानाची देखभाल त्यांच्याकडे होती. बदलून जाताना एका साहेबाने आपला आयर्नचा, म्हणजे लोखंडी पात्याच्या गोल्फच्या काठ्यांचा, सेट त्यांना देऊन टाकला. साहेब सहा फूट, दाजी सहा फूट... आणि मी पाच फूट दोन इंच.

खुब्याच्या ऑपरेशननंतर दाजींचं खेळणं सुटलं आणि सेट माझ्याकडे आला. "वापर, पण जपून," एवढंच म्हणाले होते. आता ते खुर्ची टाकून बसतात आणि मला सुधारतात. "आगं, पाय जवळ घे की. म्हस बांधल्यागत काय उभी ऱ्हायलीस?" दोन वर्षं मी पाय जवळ घेतेय. आणखी जवळ घेतले तर एकाच पायावर उभी राहीन.

त्याच आठवड्यात दाजींचा बूट आणायला मिरजेला गेले. ऑपरेशननंतर त्यांचा एक पाय अर्धा इंच आखूड पडतो. उंच तळाचा बूट घालायला ते दोन वर्षं तयार नव्हते, बहिणीने अबोला धरला तेव्हा तयार झाले. बूट करतात रशीदभाई. हॉस्पिटलांच्या गल्लीत त्यांचं छोटं वर्कशॉप आहे, पायाला लावायचे कॅलिपरही तेच करतात.

बूट ठेवायला डिकी उघडली, तर रशीदभाईंनी आतल्या सेटमधलं सात नंबरचं आयर्न उचललं आणि तळाकडून बघितलं. मग माझ्या चपला बघितल्या... तळाकडून. मी जरा संकोचले.

"ताई, चपला दोन्हीकडनं सारख्या झिजल्यात. ही काठी मात्र नुसती टाचेला झिजलीय."

त्यांनी पात्याच्या तळाला चिकटपट्टी लावली, जमिनीवर प्लायवूडचा तुकडा टाकला आणि म्हणाले, मारा. मारलं. पट्टीवर ओरखडा उठला तो टाचेच्या, म्हणजे दांड्याकडच्या, कडेला. पात्याचं टोक हवेतच होतं.

"तुमचं उभं राहणं ठीक हाय. काठी उंच माणसाची हाय. टोक वर राहिलं की तोंड फिरतं डावीकडं."

दोन वर्षांत हे वाक्य मला कुणी ऐकवलं नव्हतं. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

मग त्यांनी घोट्याचे कोन मोजायच्या कोनमापकाने सगळा सेट मोजला. आणखी एक भानगड निघाली. आठ आणि नऊ नंबरची पाती मागे सारखीच कललेली... म्हणजे दोघंही बॉल तेवढाच लांब टाकणार. एका कामावर दोन कारकून. आठ नंबर कधीतरी दगडावर आपटून मागे गेलं असणार.

"वाकवता येईल?" मी विचारलं.

"घडीव असलं तर वाकंल. ओतीव असलं तर मान मोडंल."

मान म्हणजे पातं दांड्याला जोडलेलं असतं ती जागा. मी पात्यामागे 'फोर्ज्ड', म्हणजे घडीव, असं कोरलेलं दाखवलं. रशीदभाई म्हणाले, "लिवलेलं समदं खरं असतं व्हय?"

मी दाजींना फोन लावायला हवा होता. लावला नाही. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, आणि मी जन्मभर पाय जवळ घेत बसले असते. "वाकवा," म्हटलं.

सात नंबर चामड्याच्या तुकड्यात गुंडाळून व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळलं गेलं. मानेला लांब पहार अडकवून रशीदभाई सावकाश रेटत होते... थोडं रेटायचं, मोजायचं, पुन्हा थोडं. एकदा बारीक कुरकुर झाली आणि मला साहेब, दाजी, बहीण, सगळे एका रांगेत दिसले. पण मान मोडली नाही. दुपारपर्यंत सगळा सेट तीन अंश निजला, म्हणजे दांडे तेवढे जमिनीकडे कलले, आणि आठ नंबर आपल्या जागी आलं.

पैसे घेतले ते फक्त बुटाचे. "हे पहिल्यांदाच केलंय. बॉल कुठं गेला ते तेवढं सांगायला या. आमच्याकडं नीट चालायला लागलेलं माणूस परत येत न्हाई. बिघडलं तरच येतंय."

पुढच्या रविवारी दाजी नवा बूट घालून आले आणि खुर्चीत न बसता उभे राहिले. मी मारलं. बॉल सरळ गेला... इतका सरळ, की मी सवयीने जांभळीकडेच बघत होते.

दाजींनी माझ्या हातातून सात नंबर घेतलं, जमिनीला टेकवलं, खाली बघितलं. आता त्यांच्या हातात टाच वर राहत होती.

"वाकवलीस व्हय?"

"हो."

"कुणाकडनं?"

"तुमचा बूट केला त्यांच्याकडनं."

त्यांनी बुटाकडे बघितलं. मग आयर्न मला परत दिलं. "बरं केलंस. आता मला ती बसत न्हाई. तुझी झाली." आणि दोन पावलं चालून वळून म्हणाले, "तरी पाय जवळच घे."

मंगळवारी बँकेचं एक काम काढून मिरजेला गेले. काम काही नव्हतं. रशीदभाई कुणाच्या तरी कॅलिपरचा पट्टा शिवत होते. मला बघून त्यांचा हात थांबला. "मोडलं का?"

"नाही. सरळ गेला. आणि दाजी दोन तास उभे होते, चालले तेही न लंगडता. दोन्ही सांगायला आले."

त्यांनी मान हलवली, चहा सांगितला आणि पुन्हा पट्टा शिवायला घेतला.