काकूंची ब्राह्मीची बांधी

बांधीवाल्या काकू कुणावरही ओरडू शकत. पाणी कमी आलं तर नळावर, ऊन जास्त पडलं तर उन्हावर आणि रस्त्याने मुकाट जाणाऱ्या माझ्या मोटरसायकलवरही. कुडव्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्यांचा आवाज आला नाही की माझी आई काळजीने डोकावून यायची.

त्या दवनीवाड्याच्या. सगळा जन्म धानाच्या चिखलात गेलेला. काकांना विसर पडू लागला, शेतातून घरी यायची वाट चुकू लागली, तेव्हा मुलाने शेती बटईने दिली आणि दोघांना कुडव्याला आणलं. हा आजार मागे फिरणारा नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पण एका सकाळी काकांनी काकूंनाच विचारलं, "बाई, तुमी कोणाच्या घरच्या?" काकू तडक माहेरी गेल्या आणि बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या काठावरची ब्राह्मी ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आल्या. बुढ्याने आपल्याला ओळखावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

ब्राह्मी लावायची कशी, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही. त्यांना रोवणी ठाऊक होती ती धानाची. अंगणात भर उन्हात त्यांनी खाटेएवढी जागा आखली, चारी बाजूंनी बांध घातला, चिखल केला आणि कमरेत वाकून एकेक रोप रांगेत रोवलं. धानाच्या खाचराला आमच्याकडे बांधी म्हणतात; 'बांधीवाल्या' हे नाव गल्लीने तेव्हाच ठेवलं. पानं अर्थातच करपली. "काऊन वं, धानाले चालते ऊन, तुलेच काऊन नाही चालत?" असा जाब रोपांना विचारून झाला आणि उरलेली रोपं मागच्या जांभळाखाली गर्द सावलीत गेली. बांध मात्र तिथेही घातलाच.

सावलीत ब्राह्मीने जीव धरला. जमिनीवर सरपटत जायचं आणि दांडा टेकेल तिथे मुळं सोडायची, ही तिची रीत. काकूंना ती मुळीच पसंत नव्हती. रांग मोडली की त्या दांडे ओढून जागेवर आणायच्या. "वळण नाही एकीले," म्हणायच्या. पावसाळा संपेपर्यंत सगळी बांधी गोल पानांनी भरली आणि काकूंनी तो नाद सोडला. मग रोज भातासोबत त्या पानांची चटणी. ब्राह्मीने आठवण परत येते की नाही, मला ठाऊक नाही. काकांची आली नाही.

बांधी मात्र त्यांना ओळखू आली. आपलं शेतच समजून ते जांभळाखाली खुर्ची टाकून राखण करत बसायचे, बांधाला भेग पडली की चिखलाने बुजवायचे. येईल त्याला एकच प्रश्न, "पाणी हाय का बांधीत?" बायको परकी आणि बांधी ओळखीची! मला काकांचा राग यायचा. आजाऱ्याचा राग करू नये, हे कळत असूनही यायचा.

मागच्या हिवाळ्यात काका गेले. मी भेटायला गेलो तेव्हा काकूंची बहीण आली होती. तिने विचारलंच, "शेवटी तरी ओळखलं का वं तुले?"

आता काकू तिच्यावर ओरडणार, असं मला वाटलं. काकू ओरडल्या नाहीत.

"नाही," त्या म्हणाल्या. "बुढा बिछान्याले लागाच्या आधी एक दिवस मी पानं तोडाले बांधीत उतरली होती. तं खुर्चीवरून ओरडला, ओ बाई, निघा बाहेर, धानात पाय देऊन राहिल्या तुमी. आमची घरवाली पाहीन तं मलेच बोलन, लय खतरनाक बाई हाय."

"मंग?"

"मंग का, निघाली मी बाहेर." काकूंना हसू आलं. "म्या इचारलं, कोठी गेली तुमची घरवाली? तं म्हणे, येऊनच राहिली असन. ते आल्याबिगर मी जेवत नाही."

त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"मी ताट वाढून आणलं. हात नाही लावला त्यानं. वाटच पाहून राहिला होता."