कमरेवरच्या चार ओळी

“माझी एकही पँट मला घट्ट होत नाही, मग पोट सुटलंय कुठे?”

“होईल कशी? दरवर्षी तुम्हीच तर उसवून सैल करता!” काकू म्हणाल्या.

शिंपीकाकांचं मशीन थांबलं. वय बासष्ट, दिवसभर बूड हलवायचं नाही आणि आल्या गिऱ्हाइकाबरोबर गोडमिट्ट चहा! साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे, खाणं आवरलं आणि रोज चाललात तर अजून मागे फिरेल, असं डॉक्टरांनी कालच सांगितलं होतं. काकांनी ते हसण्यावारी नेलं.

काकूंनी त्यांची पँट उलटी करून समोर आपटली. कमरेपाशी उसवलेल्या जुन्या टाक्यांच्या चार ओळी दिसत होत्या. “जगाची मापं घेता, स्वतःला कधी टेप लावलीत?”

काकांनी लावली. चेहरा उतरला. मग त्यांनी पँट ओढून घेतली आणि गेल्या वर्षी उसवलेल्या ओळीवरून शिवण मारून कंबर आत घेतली.

“अहो, आता ती चढायची नाही!”

“दोन-तीन महिन्यांनी चढेल.”

एरवी गिऱ्हाइकंच कपडे न्यायला येत. आज काकांनी पलीकडच्या गल्लीतल्या शाळामास्तरांचा तयार शर्ट पिशवीत घातला आणि पायात चपला सरकवल्या.

“चहा टाकलाय. साखर किती घालू?”

काका तोवर जिना उतरून चालत मास्तरांच्या घराकडे निघालेही होते.