पायाला पाणी

वडिलांना जगभरच्या गोष्टी सांगायची खोड होती. उदगीरच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे आणि घरी आल्यावरही त्यांचं शिकवणं थांबत नसे. त्यातली एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा मागून घ्यायची. स्वीडनची एक राजकन्या शेजारच्याच नॉर्वेच्या राजघराण्यात दिली. भाषा जवळपास तीच, थंडी तीच. पुढं युद्ध पेटलं, सासरचा मुलूख शत्रूनं घेतला, तेव्हा ती लेकरं घेऊन माहेरी आली. तर माहेरातच कित्येकांना तिचं येणं अडचणीचं वाटलं. शेवटी ती समुद्र ओलांडून परक्या देशात गेली.

"राजाची असली तरी लेकच ती," असं म्हणून वडील गोष्ट संपवायचे. मला तेव्हा फक्त तिच्या झग्याचं अप्रूप होतं.

मलाही शेजारीच दिलं, लोह्याला. हाकेच्या अंतरावर दिली, असं सगळे म्हणाले. त्यांनी एकदा हाक मारून बघायला हवी होती. तेवढ्या अंतरात जिल्हा बदलतो, आमटीतलं तिखट बदलतं. मी आजीला 'अव्वा' म्हटलं की जावा पदरात तोंड घालून हसायच्या. नवरा टँकरवर ड्रायव्हर. लातूर जिल्हा नवा झाला आणि मागोमागच्या वर्षांत पावसानं पाठ फिरवली, तेव्हा तो गावोगाव पाणी पोचवायचा आणि स्वतःच्या घरी क्वचितच दिसायचा. भरल्या घरात मला बोलायला माणूस नव्हतं.

एक दिवस सासू म्हणाली, "माहेरी जाय. पाऊस पडेस्तोवर तिकडंच ऱ्हाय. लेकराचे ओठ फुटून राहिले."

मी दोन लुगडी जास्तच घेतली. लेकीला कडेवर घेतलं आणि एसटीत बसले. चार महिने आपल्या घरात राहायचं, आपल्या जागेवर झोपायचं, एवढंच मनात होतं.

आई आदल्या वर्षी गेली होती. घर आता वहिनीच्या हातात. भाऊ लातूरला नव्या कचेरीत कारकून, घरी फक्त रविवारी यायचा. "जिल्हा आलाय, आता सगळं येतंय बघ," हे त्याचं पालुपद. सगळं येत होतं, पाणी तेवढं वाटेत अडकलं होतं.

वहिनी वाईट नव्हती, हे आधीच सांगते. हसत दारात आली, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. मग काठोकाठ भरलेला तांब्या आणला आणि पायरीवर घमेलं ठेवलं.

"वन्सं, पाय धुवा."

पाय धुवायला पाणी पाहुण्याला द्यायचं असतं. घरचं माणूस आपलं आपण रांजणातून घेतं, आणि त्या उन्हाळ्यात घरच्यांनी तर पाय धुणंच सोडलं होतं. माझी भाची घोट्यापर्यंत धुळीनं माखलेली, ती त्या तांब्याकडं टक लावून बघत होती.

"राहू द्या वहिनी, घरचीच हाय मी."

"असं कसं? माहेरवाशिणीला कोरड्या पायानं आत घेत न्हाईत."

मी पाणी ओतलं. घमेल्यात साचलेलं मळकं पाणी वहिनीनं जपून उचललं आणि गाईपुढं नेऊन ठेवलं. वडील ओसरीवर बसले होते. त्यांनी मान खाली घातली. मला त्या पाण्याचा इतका राग आला, की तांब्या अंगणात भिरकावून द्यावा वाटला.

पुढंही तसंच. माझं पाणी वेगळं भरून ठेवलेलं, पहिली अंघोळ माझ्या लेकीची, मला कामाला हात लावू देत नव्हते. पाहुणचार इतका झाला की मी अंग चोरून बसू लागले. रविवारी भाऊ आला आणि मायेनंच म्हणाला, "हायेस ना दोन-चार दिवस?"

"न्हाई, सहजच आले होते," मी म्हणाले. जास्तीची लुगडी मी पिशवीतून काढलीच नाहीत.

स्टँडवर वडील सोबत आले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण एसटी लागली. त्या राजकन्येला निदान ओलांडायला समुद्र होता. मला लोह्याचीच गाडी होती.

सासू उंबऱ्यात ज्वारी निवडत होती. इतक्या लवकर का आलीस, हे तिनं विचारलं नाही. लेकीला माझ्याकडून घेतलं आणि म्हणाली, "पायाला पाणी न्हाई. तशीच ये आत."

मी गेले. धुळीची पावलं पार चुलीपर्यंत उमटली. ती बघून मी ओक्साबोक्शी रडले. सासू नुसती शेजारी येऊन बसली. तिलाही कधीतरी माहेर होतं.